याग लेझरची पॉवर पडली? क्रिस्टल बदलण्याआधी हे बघा

भोसरी-चाकणमधली डाय-मोल्ड दुरुस्तीची वेल्डिंग मशीन, पेठांमधल्या सोनारकामाची सोल्डरिंग मशीन आणि अजून चालू असलेली जुनी मार्किंग मशीन, या सगळ्यांत निओडिमियम हा धातू घातलेला यागचा (यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट या क्रिस्टलचा) रॉड असतो. लॅम्पचा किंवा डायोडचा उजेड शोषून लेझर किरण देतो तो हाच. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, पॉवर पडली. फोन करणाऱ्याचं निदानही ठरलेलं: "रॉड गेला, नवा किती पडेल?" वर्षानुवर्षं हीच दुरुस्ती करत आलो आहे, आणि रॉड खरोखर गेलेला फार थोड्या वेळा सापडतो. बिघडतं ते बहुधा त्याच्या आजूबाजूचं: त्याच्यापर्यंत जाणारा उजेड, भोवतीचं पाणी, नाहीतर पुढच्या काचा. म्हणून स्वस्तातल्या तपासण्या आधी करा.

आधी लक्षण नीट ओळखा

"पॉवर पडली" एवढ्यावर काही कळत नाही. कशी पडली, कधी पडली, हे महत्त्वाचं.

वेल्ड खोल जात नाही, करंट वाढवला की चार दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच? संशय काच, लॅम्प किंवा चेंबरवर (लॅम्प आणि रॉड बसतात ती पेटी).

सकाळी उत्तम, दुपारी दोननंतर मंद, आणि हे मुख्यतः मार्च ते मे? चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र.

जून ते सप्टेंबर सुरुवातीचे ठिपके पसरट, काचेवर धुरकट डाग? ओल.

गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी लॅम्प पेटतच नाही, किंवा पेटतो आणि विझतो? पाणी.

करंट वाढवताना एका टप्प्यापर्यंत पॉवर वाढते आणि त्यापुढे उलट कमी होते? रॉड तापतोय, किंवा रॉडच्या दोन टोकांसमोरचे आरसे हलले आहेत.

कागदावरचा ठिपका गोल न उमटता चंद्रकोरीसारखा अर्धवट उमटतो? आरसे, किंवा वाटेत कुठेतरी किरण कापला जातोय.

मार्किंग उथळ येतं पण पॉवर मीटर पूर्ण आकडा दाखवतो? मशीनमध्ये काही बिघडलेलं नसण्याची शक्यता मोठी. पहिली तपासणी त्यासाठीच आहे.

हात लावण्याआधी

१०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन थेट पडद्यावर एकवटतो. दुखतही नाही, म्हणून उशिरा कळतं. मशीनमध्ये दिसणारा लाल ठिपका फक्त नेम धरण्याचा असतो. तो बंद म्हणजे लेझर बंद, असं समजू नका. चष्मा १०६४ साठीचाच हवा. वेल्डिंगची काळी काच किंवा गॉगल चालणार नाही. लॅम्पऐवजी डायोडच्या उजेडाने रॉड पंप करणाऱ्या, म्हणजे त्यात ऊर्जा भरणाऱ्या, मशीनला ८०८ नॅनोमीटरचंही संरक्षण लागतं.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लायची. फ्लॅश लॅम्पच्या मशीनमधले कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून ठेवू शकतात. सप्लायचं झाकण या लेखात कुठेही उघडायचं नाही.

आणि तिसरी, कारण शोधण्याआधी करंट वाढवायचा नाही. ऑपरेटरला ते सोपं पडतं, रात्रपाळी निभावते. पण काच मळलेली असताना करंट वाढवला तर जास्तीची उष्णता लॅम्प, पाणी आणि रॉडच सोसतात. रॉड खरोखर मरतो तो बहुतेक याच वाटेने.

१. सेटिंग बघा, फुकट आहे

क्यू-स्विचच्या (रॉडमध्ये ऊर्जा साठवून ती छोट्या पल्समध्ये सोडणाऱ्या) मार्किंग मशीनवर कुणीतरी काम लवकर उरकायला फ्रीक्वेन्सी ५ किलोहर्ट्झवरून २० वर नेलेली असते. मग मार्क फिकट येतं आणि दोष रॉडला.

यामागचं कारण निओडिमियमच्या स्वभावात आहे. उजेड शोषून वरच्या पातळीवर गेलेला आयन यागमध्ये तिथे सरासरी २३० मायक्रोसेकंद टिकतो. दोन पल्समध्ये यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ मिळाला तर ऊर्जेची साठवण भरत येते, कमी मिळाला तर अर्धवट भरलेली असतानाच पल्स सुटतो. हिशेबाने ही सीमा ४ किलोहर्ट्झच्या थोडी वर पडते. त्याच्या खूप वर गेलात तर सरासरी पॉवर तेवढीच राहते, पण प्रत्येक पल्सच्या वाट्याला कमी ऊर्जा येते. ५ वरून २० वर गेल्यावर साधारण एक तृतीयांशच. शिवाय पल्स लांबतो, त्यामुळे त्याचा ठोका आणखी मऊ होतो. मीटर सरासरी मोजतो, म्हणून तो खूश. धातूला मात्र एकेका पल्सचा ठोका लागतो.

व्हॅनाडेटच्या (यागऐवजी वापरतात त्या दुसऱ्या क्रिस्टलच्या) मशीनमध्ये हाच टिकाव ९० ते १०० मायक्रोसेकंदांचा, म्हणून ती मशीन जास्त फ्रीक्वेन्सीवर बरी चालतात. एका मशीनचं सेटिंग दुसरीवर उतरवून घेताना हे लक्षात ठेवा.

वेल्डिंग मशीनवर पल्सची रुंदी आणि ठिपक्याचा व्यास बघा. पाळी बदलली की हे आकडे बदललेले सापडतात. प्रोग्रॅमला पासवर्ड असला तरी तो सगळ्यांना ठाऊक असतो.

२. संरक्षक काच आणि फोकस

सर्वात पुढची काच काढा, पांढऱ्या उजेडासमोर तिरकी धरा. वेल्डिंगचे उडालेले कण, धुराचा थर, बारीक खड्डे असतील तर बदला. पुसून पुन्हा लावण्यात शहाणपण नाही. चिकटलेला कण किरण शोषतो, काच तिथे तापते, फोकस सरकतो आणि शेवटी काच तडकते. हजार-दीड हजार वाचवायला गेलेला माणूस आतली महागाची लेन्स घालवतो.

भिंगं पुसायची तर लेन्स टिश्यू आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, एका दिशेने एकदा, मग नवा टिश्यू. बनियनचं फडकं, तोंडाची वाफ, थिनर यांतलं काही चालत नाही. सोनारकामाच्या मशीनमध्ये फ्लक्सचा धूर मायक्रोस्कोपच्या भिंगावरही बसतो. मग कारागिराला ठिपकाच अंधूक दिसतो आणि पॉवर पडल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच मिटतात.

३. पाणी

लॅम्पच्या मशीनमध्ये लॅम्प आणि रॉड यांच्यामधून पाणी वाहतं. म्हणजे लॅम्पचा उजेड रॉडपर्यंत जातो तो या पाण्यातून. पाणी हा थंडाव्याइतकाच उजेडाच्या वाटेचाही भाग आहे, आणि नेमकी ही गोष्ट मेंटेनन्सवाले विसरतात. गणपती किंवा दिवाळीच्या लांब सुट्टीत उभ्या पाण्यात शेवाळ धरतं, फ्लो ट्यूबवर (पाणी वाहतं त्या काचेच्या नळीवर) हिरवट-पिवळट थर बसतो, आणि तो नेमका कामाचा उजेड खातो.

पाणी डीआयच, म्हणजे आयन काढून टाकलेलंच हवं. घरच्या आरओचं पाणी पिण्यापुरतं शुद्ध असतं, इथे त्याचा उपयोग नाही. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) बुडवून बघा. आकडा शून्य-एकच्या आसपास हवा, दोन आकडी झाला तर डीआय कॅनिस्टर (पाण्यातले आयन काढणारा डबा) संपला समजा. नक्की मर्यादा मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती पाळा. पाण्यात आयन वाढले की लॅम्प पेटवणारं हाय व्होल्टेज पाण्यातून पळतं. शुक्रवारचं कोडं तेच आहे. कॅनिस्टर पाणी फिरत असतानाच शुद्ध करतो. गुरुवारभर पाणी उभं राहिलं, भोवतालच्या धातूतून आयन घेत राहिलं, आणि शुक्रवारी आल्या आल्या कुणीतरी लॅम्पचं बटण दाबलं. आधी अर्धा तास नुसता चिलर चालवा, मग पेटवा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं.

फिल्टर काळपट असेल तर बदला. पाणी थांबलं की लॅम्प बंद करणारा फ्लो स्विच चिकटला म्हणून त्याला बायपास करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाणी थांबून लॅम्प चालू राहिला तर रॉडला तडा जायला वेळ लागत नाही, आणि तेव्हा मात्र "रॉड गेला" हे वाक्य खरं ठरतं.

४. चिलर आणि पुण्याची हवा

एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. चिलरच्या कंडेन्सरच्या जाळीत ग्राइंडिंगची धूळ आणि तेलाची चिकटी बसली की तो हवेत उष्णता टाकू शकत नाही. डिस्प्लेवर सेट पॉइंट बघू नका, पाण्याचं खरं तापमान बघा. जाळी उलट्या बाजूने ब्लोअरने साफ करा. चिलर भिंतीला टेकलेला असेल तर पुढे ओढा.

तापमानाचा एवढा बाऊ का? रॉड बाहेरून पाण्याने थंड होतो, आतून तापतो. यागचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे मधोमध गरम झालेला रॉड स्वतःच बहिर्गोल भिंग होऊन बसतो. पंपिंग जितकं जास्त तितकं हे भिंग जोरदार. आरशांमधलं अंतर एका ठरावीक भिंगाला धरून आखलेलं असतं. त्या मर्यादेपलीकडे गेलं की करंट वाढवूनही पॉवर खाली येते. पहिले ठिपके चांगले आणि विसाव्यापासून बिघडलेले, हेही बऱ्याचदा याच भिंगामुळे, कारण ते तयार व्हायला थोडा वेळ लागतो.

उष्णता पूर्ण टाळता येत नाही. ८०८ नॅनोमीटरचा फोटॉन घेऊन १०६४ चा द्यायचा, म्हणजे सुमारे २४ टक्के ऊर्जा आतच राहणार. हे झालं डायोडचं. लॅम्पचा उजेड तर सगळ्या रंगांत विखुरलेला असतो, त्यामुळे तिथे उष्णतेचा वाटा याहून कितीतरी मोठा.

पावसाळ्यात उलटं. शेडमध्ये २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. चिलर २० वर ठेवलेला असेल तर थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा घाम रॉडच्या टोकांना, आरशांना आणि डायोडला सुटतो. त्या थेंबावर लेझर चालला की कोटिंग जळतं. हिवाळ्यात याच सेटिंगला काही होत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. जूनमध्ये मॅन्युअलच्या मर्यादेत राहून पाण्याचं तापमान दवबिंदूच्या वर न्या, लेझर हेडमधली सिलिका जेलची पुडी बदला, झाकणाचं रबर तपासा. रात्री मशीन बंद करताना चिलरही बंद करा. नुसता चिलर चालू राहिला की पहाटेपर्यंत हेड ओलं.

५. डायोडचं तापमान

फक्त डायोड पंपच्या मशीनसाठी. लॅम्पवाल्यांनी पुढे जावं.

निओडिमियमचे काम करणारे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड झाकलेले असतात. आजूबाजूच्या क्रिस्टलचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही, म्हणून त्याच्या शोषणाच्या रेषा अरुंद. यागमध्ये ८०८ जवळचा मुख्य शिखरभाग जेमतेम एखाद्या नॅनोमीटरचा आहे. डायोडची तरंगलांबी मात्र दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. पाच अंशांची चूक म्हणजे दीड नॅनोमीटर, आणि मग उजेड रॉडमध्ये न शोषला जाता नुसता आरपार जातो. डायोडचा करंट बरोबर, डायोडची पॉवर बरोबर, लेझर मात्र मेलेला. व्हॅनाडेटचं शोषण जास्त रुंद आणि जास्त जोरदार असल्याने तो हे थोडंफार सहन करतो.

डायोड म्हातारा होतो तसा आतून जास्त तापतो आणि लाल बाजूला सरकतो. आधीचं सेटिंग पेनाने लिहून ठेवा. पॉवर मीटर लावा, डायोडचं तापमान एका वेळी १ अंश खाली आणा, प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबा, आकडा लिहा. शिखर सापडलं की तिथेच थांबा. पण दवबिंदूच्या खाली जाऊ नका. दोन-तीन अंशांत फरक पडला नाही तर आजार वेगळा आहे, मूळ सेटिंगवर परत या.

६. लॅम्प आणि चेंबर

लॅम्पचे तास किंवा शॉट काउंटर बघा. सतत चालणारा क्रिप्टॉन लॅम्प शेकडो तासांत उतरतो, पल्सच्या झेनॉन लॅम्पचं आयुष्य लाखो शॉट्समध्ये मोजतात. इलेक्ट्रोडजवळ काच काळी पडली असेल तर लॅम्प बदलायचा. क्रिप्टॉनच्या काही रेषा निओडिमियमच्या शोषणाशी बऱ्यापैकी जुळतात म्हणून तो वापरतात. काळवंडलेल्या काचेतून नेमका तोच उजेड कमी होतो, डोळ्यांना मात्र लॅम्प लखलखीतच दिसतो.

लॅम्प बदलणं तुमच्या प्रशिक्षित माणसाला जमत असेल, तर मॅन्युअलप्रमाणे सप्लाय डिस्चार्ज झाल्याची खात्री करून, हातमोजे घालून बदला. उघड्या बोटांचे ठसे क्वार्ट्झवर भाजले जातात आणि लॅम्प तिथून फुटतो. नवा लॅम्प घातल्यावर करंट आधी कमी करा. जुना लॅम्प ओढण्यासाठी चढवलेल्या करंटवर नवा लॅम्प चालवला तर रॉडवर एकदम जादा भार येतो.

चेंबर उघडलाच आहे तर रिफ्लेक्टर बघा. सोन्याचा मुलामा उडालाय का, पांढरं सिरॅमिक पिवळं पडलंय का. फ्लो ट्यूब बऱ्याचदा समॅरियम घातलेल्या काचेची असते, ती किंचित पिवळसर दिसणं हा दोष नव्हे. लॅम्पचं अतिनील आणि बाजूला भरकटणारं १०६४ ती अडवते. स्वस्तातली साधी काचेची नळी तिच्या जागी बसवू नका. अतिनील उजेड वर्षानुवर्षं रॉडवर पडत राहिला की यागमध्ये रंगकेंद्रं तयार होतात, रॉड तपकिरी झाक धरतो आणि स्वतःच उजेड खायला लागतो. चांगल्या लॅम्पच्या क्वार्ट्झमध्येही यासाठीच सिरियम घालतात. थोडक्यात, निओडिमियम या एका दुर्मिळ मृदेला (रेअर अर्थ धातूला) जपायला समॅरियम आणि सिरियम या आणखी दोन कामाला लावलेल्या आहेत.

इथे एक नेहमीचा गैरसमज. "रॉड आधी जांभळा होता, आता निळसर झाला, रंग उडाला" असं ऐकलं की मी विचारतो, बघितला कुठे? निओडिमियम पिवळा उजेड ५८० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतो. उन्हात किंवा जुन्या पिवळ्या बल्बखाली तो जांभळट-गुलाबी दिसतो, ट्यूबलाइटखाली निळसर झुकतो. रॉड तोच असतो. खिडकीत नेऊन बघा. तिथेही तपकिरी दिसला तर चिंता करा.

इथे थांबा

यापुढचं काम घरच्या घरी करायचं नाही. आरशांचे स्क्रू त्यांत पहिले. दोन आरसे आणि रॉड एका रेषेत आणायला योग्य साधन, सराव आणि शांत डोकं लागतं. "थोडंसं फिरवून बघितलं" या वाक्यानंतरची दुरुस्ती नेहमी दुप्पट वेळ खाते, कारण मूळ दोषही शोधायचा आणि फिरवलेलंही परत आणायचं. रॉड काढणं, क्यू-स्विचचा ड्रायव्हर, हिरव्या लेझरमधला केटीपी (किरणाचा रंग हिरवा करणारा क्रिस्टल) आणि सप्लायच्या आतलं काहीही, हे सगळं सर्व्हिस इंजिनिअरचं.

पुढील गोष्टी दिसल्या तर मशीन लगेच बंद करा, तपासत बसू नका: चेंबरमधून पाणी गळतंय, जळकट वास येतोय, रॉडच्या टोकावर पांढरा ठिपका किंवा आत तडा दिसतोय, लॅम्प फुटलाय, सप्लाय मेन बंद केल्यावरही गुणगुणतोय. कुणाच्या डोळ्यासमोर उघडा किरण गेल्याची शंका आली तर मशीन राहू द्या, त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

फायबर लेझरवाल्यांनी यातलं सेटिंग, पुढची काच, चिलर आणि दवबिंदू एवढंच घ्यावं. त्यात इटर्बियम असतं, ते काचेच्या तंतूत, आणि तिथे तुम्हाला उघडण्यासारखं काही नाही. दवाखान्यातल्या होल्मियम किंवा अर्बियमच्या मशीनलाही याच पदार्थविज्ञानाचे नियम लागू आहेत, पण त्यांना फक्त कंपनीच्या माणसाने हात लावायचा.

इंजिनिअरला फोन करताना हे हाताशी ठेवा: लॅम्पचे तास किंवा शॉट, सध्याचा करंट आणि मशीन बसवली तेव्हाचा करंट, त्या दोन्ही वेळची मीटरवरची पॉवर, लेझर ज्या करंटला सुरू होतो तो आकडा, पाण्याचं तापमान आणि टीडीएस, शेवटची काच कधी बदलली, आणि थर्मल पेपरवरच्या ठिपक्याचा फोटो. सुरू होण्याचा करंट वाढलाय पण लॅम्प नवा आणि पाणी स्वच्छ असेल, तर तो येतानाच आरसे आणि अलाइनमेंटचं साहित्य घेऊन येईल. नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्यात जाते आणि तिचेही पैसे लागतात.